गाडीला काही नाही

आयुष्यभर गाड्या खोलत आलो, पण गाडी कधी खोलायची नाही हे मला एका ड्रिलमास्तरांनी शिकवलं.

ऐंशीच्या दशकात वाशीत माझं गॅरेज होतं. सेक्टरांना नंबर पडले होते, झाडं अजून लागायची होती. शेजारच्या स्पेअरपार्टवाल्या शेठना मोटरसायकल रेसचं वेड होतं. मातीच्या ट्रॅकवरच्या रेस, पुण्याला, नाशिकला, कोल्हापूरला. आमची टीम म्हणजे शंभर सीसीची एक टू-स्ट्रोक गाडी, तिचा मिस्त्री मी, आणि ती चालवणारा शेठचा भाचा. त्या वर्षी शेठनी आधीच बजावलं होतं, एकूण गुणांत टीम पहिल्या तिघांत आली तर ठीक, नाहीतर गाडी विकायची. ती गाडी मी नट न् नट जुळवून उभी केली होती. ती विकायची म्हटल्यावर मला जेवण गोड लागेना.

भाचा धाडसी, देखणा, केसांची फार काळजी घेणारा. सरळ पट्टीवर त्याला कोणी गाठत नसे. पण रेस हरला की हेल्मेट काढता काढता त्याचं एकच वाक्य, "मिस्त्री, गाडी वळणावर मरते." की मी लागलो कामाला. कार्बोरेटर खोल, जेट बदल, प्लग बदल, सायलेन्सर साफ कर. धड गाडीला इतका हात लावला की पुढच्या रेसला ती खरंच कुठेतरी दगा द्यायची. नाचता येईना अंगण वाकडं, आणि मी आपला दर आठवड्याला अंगण सरळ करतोय. माझं डोकं जन्मजात गरम, पण मालकाच्या भाच्याला बोलणार कोण?

सीझनच्या पहिल्याच रेसला भाचा पडला आणि त्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं. शेठ मला म्हणाले, "मिस्त्री, कोणीतरी बघ. तूच बघ." उंटावरून शेळ्या हाकण्यात शेठचा हात कोणी धरला नसता.

मास्तर नेरूळच्या एका शाळेत ड्रिल शिकवायचे. मूळचे मराठवाड्यातले, पस्तिशीचे, चष्मेवाले, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले. सारसोळे गावाच्या बाजूला भराव टाकलेल्या मोकळ्या जमिनीवर आम्ही प्रॅक्टिस करायचो, आणि तिथूनच ते जुन्या गाडीवरून घरी जायचे. एकदा चिखल झाला होता. मधे मुलगी, मागे बायको, हँडलला भाजीची पिशवी, आणि हा माणूस असा अलगद निघून गेला की पिशवीतली मेथीसुद्धा हलली नसेल. मी दुसऱ्या दिवशी त्यांना विचारलं, रेस चालवाल का? "रविवारी असली तर," ते म्हणाले.

पहिली प्रॅक्टिस करून ते आले तेव्हा मी पाना हातात घेऊनच उभा होतो. "काय होतंय गाडीला?"

"गाडीला काही नाही. तिसऱ्या वळणाला मी गिअर चुकवलो. सेकंड टाकायला पायजे होता, थर्डमधीच राहिलो."

मला वाटलं, नवीन माणूस आहे, भीड पडली असेल. तरी प्लग काढून बघितला. बदामी रंगाचा, अगदी हवा तसा. पुढच्या फेरीला त्यांनी वेळेवर सेकंड टाकला आणि गाडी वळणातून सुरेख निघाली. काही दिवसांनी मात्र ते म्हणाले, "आज गाडीचंच काहीतरी हाय. उजवीकडं झुकलं की घासतंय." बघतो तर सायलेन्सर धरून ठेवणारी पट्टी तडकलेली. त्या दिवसापासून त्यांचा शब्द मी देवाच्या कौलासारखा धरला. ते म्हणाले तरच गाडी खोलायची, एरवी तिला फक्त धुवायची. मी इतका निवांत कधीच नव्हतो.

प्रॅक्टिसच्या जागेशेजारी मासळी वाळत घालणारी एक मावशी भाच्याशी धुळीवरून रोज भांडायची. तीसुद्धा मला म्हणाली, "ह्यो मास्तर बरा हाय. मासलीवर धूल नाय येत." चाक जागच्या जागी फिरवून धूळ उडवायची नाही, गाडी पुढे न्यायची, एवढंच मास्तर करत होते. कधी चौथे आले, कधी तिसरे, एकदा दुसरे, पण प्रत्येक रेस पुरी केली. शेवटची रेस उरली तेव्हा आम्ही तिसऱ्या नंबरवर होतो आणि चौथ्या नंबरची टीम अगदी पाठोपाठ होती.

तेवढ्यात भाच्याचं हाड जुळलं. आता शेवटची रेस कोणी चालवायची, हे ठरवायला शेठ स्वतः प्रॅक्टिस बघायला आले, आणि नेमके त्यांच्यासमोर मास्तर वळणावर घसरले. मी धावत जाऊन कानात सांगितलं, "चेन उतरली म्हणा." मास्तरांनी चष्मा पुसला आणि शेठना सांगितलं, "चूक माझी. घाई केलो. गाडीला काही नाही."

"मग भाचाच चालवेल," शेठ म्हणाले.

मी पाना आपटला. मास्तर एक शब्द खोटं बोलले असते तर त्यांची जागा राहिली असती. मला त्यांचा राग आला, आणि त्याच क्षणी त्यांच्याइतका मोठा माणूस मी पाहिला नव्हता हेही कळलं. वर हा माणूस शेवटच्या रेसला आमच्याबरोबर टेम्पोतून पुण्याला आला, भाच्याला ट्रॅक पायी फिरवून दाखवायला.

रेस दोन टप्प्यांची होती. पहिल्या टप्प्यात भाचा मागे पडला, चौथी टीम गुणांत आमच्या पुढे गेली. तो आला आणि हेल्मेट काढायला लागला. मी पाना उचललेलाच होता.

"मिस्त्री, गाडी वळणावर..." एवढं बोलून तो थांबला. मास्तर पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभे होते. भाच्याने मान खाली घातली. "गाडीला काही नाही. वळण आलं की मीच ॲक्सिलरेटर सोडतो. पडल्यापासून नाही, आधीपासूनच. भीती वाटते."

मी पाना खाली ठेवला. मास्तरांनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "कोणत्या वळणावर?"

ते दोघं त्या वळणापर्यंत चालत गेले. मास्तर हाताने काहीतरी दाखवत होते, भाचा मान डोलवत होता. दुसऱ्या टप्प्यात त्याने ते वळण ॲक्सिलरेटर न सोडता घेतलं, प्रत्येक फेरीला. आम्ही सीझनमध्ये तिसरे आलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

शेठ गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आले. "मिस्त्री, मधल्या वेळात गाडीला केलंस तरी काय?"

"काहीच नाही केलं, शेठ."

शेठनी वळून बघितलं. मास्तर आणि भाचा मिळून गाडीचा चिखल धूत होते, आणि भाचा कसलीतरी चूक सांगत होता.

"पुढच्या वर्षी आणखी एक गाडी घ्यावी लागेल," ते म्हणाले.