अडाण नदीतली ट्यूब
पंक्चरच्या दुकानातला रबराचा वास आला, की मला अडाण नदीवरची ती दुपार आठवते. लहानपणी चुलतभावाने मला ट्रॅक्टरच्या ट्यूबवरून भर पुरात ढकललं होतं आणि काठावरचं सारं गाव हसलं होतं. पुढे कित्येक वर्षं मी नदीत उतरले नाही, शहरात पोहायला शिकले, मग श्रावणात गावी येऊन त्यालाच म्हटलं, "चाल, ट्यूब काढ." "आता भेव नाही लागत तुले?" तो हसला. आम्ही दोघं ट्यूबवर बसून निघालो, काठावर पुन्हा लोक जमले, आणि खडकांमधल्या फेसाळ धारेत मी ट्यूब पालथी केली. गटांगळ्या खात तो ओरडला, "बाई, हात दे मले!" मी म्हटलं, "पयले माफी माग, काठावर आयकू जाऊ दे." त्यानं मागितली, तेव्हाच हात दिला. आता दिवाळीला मी त्याला ओवाळते. पण त्याच्या नाकातोंडात गेलेलं ते गढूळ पाणी आठवलं, की अजूनही बरं वाटतं.