प्रेमाबाईंचं इंग्रजी

माकणीच्या अलीकडच्या एका वाडीत प्रेमाबाई सरवदे राहत. शाळा चौथीपर्यंत झालेली. वाडीच्या दूध संस्थेत कॅन धुण्याचं आणि झाडलोटीचं काम त्यांच्याकडे होतं. शहाऐंशी साली संस्थेनं टीव्ही घेतला आणि त्याच्या कपाटाची किल्लीही त्यांच्याच कमरेला आली.

रविवारी सकाळी दुधाची गाडी गेली की पोलिसांची एक इंग्रजी मालिका लागे. काही कळत नाही म्हणून माणसं उठून जात. प्रेमाबाईंना कॅन धुवायचे असत, त्या धुता धुता बघत. एकदा एक मुलगी उंच इमारतीच्या कठड्याला लोंबकळत होती. पोलिसानं वरून तिचं मनगट पकडलं आणि ओरडला, "होल्ड ऑन!" मुलीनं दुसऱ्या हातानंही त्याला घट्ट धरलं. प्रेमाबाईंच्या हातातला कॅन तसाच राहिला. कुणी न सांगता त्यांना अर्थ कळला होता.

मग चटकच लागली. एरवी मालिकेतल्या माणसांचं बोलणं म्हणजे नुसता गलबला वाटे. पण कुणाचा जीव टांगणीला लागला की ती एकेकच शब्द बोलत, आणि बोलल्यासरशी तसंच घडे. 'स्लोली' म्हटलं की पाय हळू पडे. 'लेट गो' म्हटलं की मूठ सुटे. प्रेमाबाई हे शब्द जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मराठी अक्षरांत लिहीत आणि संध्याकाळी शाळेच्या पंचाक्षरी गुरुजींना विचारत.

"गुरुजी, फ्रीज म्हंजे थांब ना?"

"अहो, फ्रीज म्हणजे पाणी गार करायचं कपाट."

"न्हाय वो. पोलिसानं पिस्तूल रोखलं, फ्रीज म्हनला, अन् चोर जागच्या जागी उभा. तिथं कपाट नव्हतंच."

गुरुजींनी शब्दकोश काढला. "गोठणे," त्यांनी वाचलं आणि हसले. "तुमचंच बरोबर आहे."

प्रेमाबाईंचा नवरा गुलाब रोजगार हमीवर खडी फोडायचा. तो चिडवायचा, "इंग्रजी शिकून कलेक्टर व्हतीस का काय?"

"पुढं काय झालं ते कळाया पायजे मला. एवढंच."

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात वाडीतल्या विहिरी तळाला गेल्या. बोअर पाडायला तमिळनाडूची गाडी आली. तिच्या चालकाला मराठी येत नव्हतं, हिंदीही नाही. इंग्रजी होतं ते यंत्रापुरतं. त्याच दुपारी शंकरप्पा नावाचे शेतकरी आपल्या विहिरीतला गाळ काढायला उतरले आणि वरची दरड कोसळली. पायऱ्या गेल्या, शंकरप्पांचा पाय दगडाखाली अडकला.

सगळी वाडी धावली. बोअरच्या गाडीला यंत्रानं गुंडाळायचा लोखंडी दोर होता. मोटेच्या जुन्या चाकावरून तो आत सोडायचं ठरलं आणि गुलाब कमरेला दोर बांधून उतरायला तयार झाला. पण काठ ढासळेल म्हणून गाडी लांब उभी होती. चालकाला विहिरीतलं काहीच दिसत नव्हतं.

गुरुजींनी त्याला इंग्रजीत सगळी हकिकत सांगायला सुरुवात केली. चांगलं लांबलचक वाक्य होतं. चालक गोंधळून बघत राहिला. तेवढ्यात प्रेमाबाई काठाशी पालथ्या झोपल्या, आत वाकल्या आणि हात वर करून ओरडल्या, "डाऊन! स्लोली!"

यंत्र घरघरलं. गुलाब खाली जाऊ लागला.

"स्लोली... स्लोली... स्टॉप!"

दोर जागच्या जागी थांबला. गुलाबनं पहारीनं दगड सरकवला आणि शंकरप्पांना आपल्या अंगाशी बांधून घेतलं. "अप!" म्हणताच दोर वर निघाला. अर्ध्या वाटेत हिसका बसला आणि दोघं भिंतीवर आदळले.

"ईझी! ईझी!" प्रेमाबाई चालकाला म्हणाल्या, आणि त्याच भरात खाली नवऱ्याला, "होल्ड ऑन!"

"काय?" खालून गुलाब ओरडला.

"अवो, घट्ट धरा!"

दोघं काठावर आले तेव्हा प्रेमाबाई लुगड्याची माती झटकत उठल्या. चालक जवळ आला आणि त्यानं विचारलं, "टीचर?" त्या नकारार्थी मान हलवून हसल्या. गुलाब मातीतच बसला होता. म्हणाला, "लई ब्येस झालं तू शिकलीस ते." असं त्यानं आजवर कधी म्हटलं नव्हतं.

उमरग्याच्या दवाखान्यात शंकरप्पांचा मोडलेला पाय जोडला गेला. तीन महिन्यांनी ते काठी टेकत हिंडू लागले. त्यांच्या बायकोनं, गंगम्मांनी, प्रेमाबाईंना घरात बोलावलं, शेजारी बसवून जेवू घातलं आणि 'डाऊन', 'अप' हे दोन शब्द त्यांच्याकडून घोकून घेतले.

वाडीत आता प्रेमाबाईंच्या इंग्रजीचा बोलबाला झाला. त्यांची मुलगी चांगुणा पाचवीत गेली आणि नवं इंग्रजी पुस्तक घेऊन चुलीपाशी बसली.

"आई, मिठाला काय म्हनत्यात? अन् वांग्याला?"

प्रेमाबाई भाकरी थापता थापता थांबल्या.

"त्ये मला न्हाय ठावं," त्या म्हणाल्या. "वांगं अजून कुन्या गुंडाच्या तावडीत घावलं न्हाय. तू वाच, म्या ऐकते."