मी मागं पाहिलं नव्हतं

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. मग पेनच्या टोकानं एक पुसट रेघ दाखवली. "हे अ‍ॅसिटॅब्युलम. इथं फ्रॅक्चर आहे."

माझा चेहरा पाहून त्यांनी डाव्या हाताची ओंजळ केली आणि उजव्या हाताची मूठ तिच्यात फिरवून दाखवली. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या ज्या वाटीत फिरतो, ती खुब्याची वाटी म्हणजे अ‍ॅसिटॅब्युलम. माझी उजवी वाटी तडकली होती.

"ऑपरेशन?" मी विचारलं.

"तुकडे फार सरकलेले नाहीत. ट्रॅक्शनवर जमेल. सहा आठवडे."

"म्हणजे सहा आठवडे रजा टाकावी लागेल."

"रजा त्याहून जास्त लागेल. सहा आठवडे पाठीवर, बाई. कुशीवरसुद्धा वळायचं नाही."

डॉक्टरांचं शिक्षण नागपूरला झालेलं. माझं आडनाव वाचून ते मराठीत बोलू लागले होते. परक्या भाषेत ऐकलं असतं तर कदाचित एवढं लागलं नसतं.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते. मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

छत्तीसगड नवं राज्य झालं आणि आमचं रायपूर राजधानी झालं, त्या सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट. भाड्याच्या बंगल्यांत सरकारी कार्यालयं सुरू झाली होती. मी शंकर नगरमधल्या अशाच एका कार्यालयात लिपिक होते. माझे वडील रेल्वेत होते, त्यामुळे रेल्वे कॉलनीच्या मागच्या पाऱ्यातच, म्हणजे मोहल्ल्यातच, आमचं घर. तिथून मी रोज सायकलनं जायची. माझे मिस्टर प्रकाश शहराबाहेर उरल्याच्या कारखान्यांच्या भागातल्या रोलिंग मिलमध्ये, तेही सायकलवर. मुलगी अश्विनी नववीत, तिचीही सायकल. आमच्या घरात दुसरं वाहन नव्हतं आणि त्याचं कधी वाईटही वाटलं नव्हतं.

वर्षा-दोन वर्षांत रस्ते रुंद झाले, कडेची झाडं गेली, गाड्या चौपट झाल्या. सायकलसाठी पूर्वी कडेला जी मातीची पट्टी असायची तीही डांबराखाली गेली. मार्चमधल्या त्या सकाळी पाण्याच्या पाइपसाठी रस्त्याची डावी बाजू खोदलेली होती. मातीचा ढीग आला म्हणून मी उजवीकडे वळले. मागून जीप आली. नंतरचं मला आठवतं ते डांबर. गालाखाली तापलेलं होतं आणि मला पाय हलवता येत नव्हता.

जीपच्या ड्रायव्हरनंच मला उचलून हॉस्पिटलला आणलं.

ट्रॅक्शन म्हणजे काय ते सांगते. गुडघ्याखाली, नडगीच्या वरच्या भागात भूल देऊन एक स्टीलची सळई हाडातून आरपार घालतात. तिला दोरी बांधतात, दोरी खाटेच्या पायथ्याशी असलेल्या चाकावरून खाली सोडतात आणि टोकाला वजन लटकवतात. माझ्या पायाला सात किलो होतं. वजनाच्या ओढीनं आपण खाली घसरू नये म्हणून खाटेचा पायथा विटा लावून उचलतात. त्यामुळे डोकं खाली, पाय वर. डोळ्यांसमोर छत आणि पंखा.

दुखणं चौथ्या-पाचव्या दिवशी कमी होतं. मग दुसरंच सुरू होतं. पाठीखाली घामाची चादर असते आणि ती सरळ करता येत नाही. मुंगी चढते आणि पायापर्यंत हात पोचत नाही. बेडपॅनची लाज पहिले दोन दिवस वाटते. त्यानंतर लाज जाते, पण पोट साफ होत नाही, कारण झोपून राहिलं की आतडीही झोपतात. पहिल्या दिवसापासून पाणी भरपूर प्या, इसबगोल मागून घ्या, संकोच करू नका. पावलं दर तासाला वर-खाली हलवा, नाहीतर पायात रक्ताची गाठ होते, तिला डीव्हीटी म्हणतात. डोक्यावर टांगलेला दांडा धरून दिवसातून दहा वेळा कंबर उचला आणि पाठीला हवा लागू द्या. आमच्या वॉर्डातल्या सुखमती आयाबाई स्पिरिट आणि पावडर घेऊन पाठ चोळायच्या आणि म्हणायच्या, "उठा दीदी, पीठ उठा. घाव हो गया तो फिर मत रोना."

कुलरच्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, वासानं अजूनही मला त्या वॉर्डात गेल्यासारखं होतं.

सगळ्यात कठीण होतं ते माझ्या खाटेभोवती चालणारं बोलणं. ऑफिसचे लोक येत, नातेवाईक येत, आणि सगळ्यांचा विषय एकच. ऑफिसचे साहेब म्हणाले, "मॅडम, अब ये राजधानी है. मेन रोड पर साइकिल का क्या काम?" माझे दीर म्हणाले, गाडीवाल्यांना रस्ता विकला आहे का? एकानं सांगितलं, सायकलवाल्यांना वेगळी वाट हवी. दुसरा म्हणाला, आधी त्यांना हात दाखवून वळायला शिकवा. खाटेच्या दोन्ही बाजूंनी वाद चाले. मी मध्ये. एरवी असं काही सुरू झालं की मी चहा ठेवायच्या निमित्तानं उठून जाते. इथं दोरीला सात किलो बांधलेले. कानांवर उशी दाबायची तरी उशी एकच, तीही डोक्याखाली.

आठवड्यानं तो ड्रायव्हर दारात आला. रामाधार नाव. खांद्यावर गमछा, हातात पपई. प्रकाश तेव्हा ड्यूटी करून आलेले होते. ते उठून दार अडवून उभे राहिले.

"तू कायले आला इथं?"

"दीदी को देखने आया हूँ, भैया. पड़े-पड़े पेट नहीं चलता ना, इसलिए पपीता..."

प्रकाशनं त्याला हाकलून दिलं. पपई सुखमतीबाईंनी बाहेरच्या बाहेर ठेवून घेतली आणि दुपारी मला भरवली. पोटाला आराम पडला, हे खरं आहे.

तो पुन्हा आला, प्रकाश नसताना. स्टुलावर बसलाच नाही. "दीदी, मैं भी बीस बरस साइकिल चलाया हूँ," तो म्हणाला. "अभनपुर से रायपुर, दूध लेके. तब गाड़ीवाले मुझे अंधे लगते थे. अब गाड़ी में बैठता हूँ तो साइकिलवाले पागल लगते हैं."

"म्हणजे माझी चूक?" मी चिडून मराठीतच विचारलं.

त्याला कळलं. "मेरी भी थी. साहब को देर हो रही थी, मैं बहुत सटाके निकाल रहा था. पर हॉर्न दिया था, दीदी. दो बार."

तो गेल्यावर मी छताकडे बघत राहिले. दुसरीकडे बघायची सोयच नव्हती. हॉर्न मला ऐकू आला होता. दोन्ही वेळा. पण त्या रस्त्यावर इतके हॉर्न वाजायचे, की ते आपल्यासाठी आहेत असं वाटणंच मी सोडून दिलं होतं. आणि मातीचा ढीग चुकवताना मी मागं पाहिलं नव्हतं. हात दाखवला नव्हता. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. भेटायला येणारा प्रत्येक जण त्या ड्रायव्हरला शिव्या द्यायचा आणि मी डोळे मिटून ऐकून घ्यायची.

अश्विनी रोज शाळेनंतर यायची. आमच्या पोट्टीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती हिंदीत देते. तिसऱ्या आठवड्यात ती आली तेव्हा केस विस्कटलेले, ओढणी ओढलेली. अपघातानंतर प्रकाशनं तिच्या सायकलला साखळी घालून कुलूप लावलं होतं, आणि ती आता कोंबून भरलेल्या ऑटोतून जात होती. मीच तसं सांगितलं होतं.

"आई, ऑटो में अंकल लोग चिपक के बैठते हैं," ती हळूच म्हणाली. "मुझे नहीं जाना."

"मग बाबा सोडतील."

"बाबा की शिफ्ट रहती है. और बाबा तो उरला तक ट्रकों के बीच में जाते हैं. उनकी साइकिल को ताला क्यों नहीं?" तिनं माझ्या पायाला लटकलेल्या वजनाकडे बोट केलं. "आपका तो डॉक्टर खोल देंगे. मेरा कौन खोलेगा?"

मला तिला जवळ घ्यायचं होतं. झोपल्या जागेवरून जेमतेम तिचं मनगट हाताला लागलं. तेच धरून ठेवलं.

चौथ्या आठवड्यात पोलीस ठाण्यातून निरोप आला, की हवालदार बयान, म्हणजे जबाब, घ्यायला येणार. आदल्या संध्याकाळी दीर आले. "वहिनी, तो पिऊन होता असं सांगा." मी म्हटलं, तो पिऊन नव्हता, त्यानंच मला उचललं. ते रागावून निघून गेले. मग प्रकाश खाटेशी बसले.

"तू खोटं नको सांगू," ते म्हणाले. "पण तो जोरात होता, इतकंच सांग ना. बाकीचं काहून सांगतं?"

"कारण मी मागं पाहिलं नव्हतं," मी म्हटलं. "हॉर्न ऐकू आला होता मले."

त्यांचा चेहरा उतरला. चार आठवडे ते ड्यूटी, घर, हॉस्पिटल असं धावत होते, आणि ज्या रागाच्या बळावर धावत होते तो मी त्यांच्याकडून काढून घेतला होता. ते डबा घेऊन निघून गेले. त्यांच्यामागं जाता येत नव्हतं. त्या दोरीचा तेवढा राग मला आधी कधीच आला नव्हता.

सकाळी हवालदारानं वही उघडली. मी सगळं सांगितलं. जीप वेगात होती, फार जवळून निघत होती. रस्ता खोदलेला होता, तिथं ना फलक ना दोरी. हॉर्न वाजला होता आणि मी न पाहता वळले. हवालदारानं दोनदा विचारलं, "पक्का लिखूँ?" मी मान डोलावून म्हटलं, "हव." आडवी असल्यामुळे सही वाकडी आली.

प्रकाश दोन दिवस आले, जेवण ठेवलं आणि तसेच परत गेले. तिसऱ्या दिवशी शिफ्टवरून थेट आले, अंगावर मिलची काळी धूळ तशीच. खिडकीपाशी उभे राहिले.

"काल मी बी मागं न पाहता वळलो," ते म्हणाले. "ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचलो. मी त्यालेच शिवी दिली."

त्यांनी माझ्या उशीखालची चादर ओढून सरळ केली.

त्या रविवारी त्यांनी अश्विनीच्या सायकलचं कुलूप काढलं. मात्र आधी कॉलनीच्या मैदानात तासभर तिच्यामागं चालत राहिले. मान वळवून मागं बघ, हात दाखव, मग वळ. मान वळवताना हँडल हलता कामा नये. त्यांना स्वतःला ते नीट जमत नव्हतं, असं अश्विनीनं मला हसत सांगितलं. आणि तिनं मोठ्या रस्त्याऐवजी शाळेमागच्या गल्लीची वाट धरावी असं ठरलं. तिची वाट दहा मिनिटांनी वाढली. ती शाळेत पोचायची वेळ होईपर्यंत मी रोज मिनिटं मोजायची. पण ऑटोतून उतरणारा तिचा तो चेहरा मला पुन्हा पाहावा लागला नाही.

सहा आठवडे झाले आणि डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सळई काढली. वजन सुटल्यावर पाय हलका होईल असं वाटलं होतं. तो कोणा दुसऱ्याचाच असल्यासारखा वाटला. गुडघा वाकेना. पहिल्यांदा उठून बसवलं तेव्हा भिंती फिरल्या आणि मी सुखमतीबाईंच्या अंगावर उलटी केली. त्या म्हणाल्या, "सबको होता है." नंतर दीड महिना वॉकर, उजव्या पायावर भार न देता. मग काठी.

घरी शेजाऱ्यांच्या गाडीतून आले. आयुष्यात पहिल्यांदा मी गाडीत पुढच्या सीटवर बसले होते. डाव्या बाजूनं सायकली कशा अचानक उगवतात ते तिथून दिसलं. एक म्हातारा मध्येच वळला आणि माझ्या तोंडून निघालं, "अरे, बघून!"

रामाधारला जीपच्या मालकानं, एका ठेकेदारानं, कामावरून काढलंच. माझ्या बयानानं त्याचं काम वाचलं नाही, काही महिने तो बेकार राहिला, पण गुन्हा त्याच्या एकट्याच्या माथी बसला नाही. पुढे त्याला दुसरी गाडी मिळाली, असं कळलं. मी रस्ता खोदणाऱ्या खात्याला फलक आणि सायकलसाठी पट्टी असावी असा अर्ज दिला. पोच मिळाली. उत्तर आलं नाही.

लोक अजून मला विचारतात, सायकल आणि मोटार एका रस्त्यावर असाव्यात का? वेगळी पट्टी मिळाली तर मी आनंदानं घेईन. पण ती होईपर्यंत अश्विनीची शाळा थांबणार नव्हती आणि प्रकाशची शिफ्टही. रस्ता एकच आहे. ज्याच्या हाताखाली मोठं यंत्र आहे त्यानं जास्त थांबावं, आणि आपण मागं पाहावं. एवढंच मला कळलं, आणि ते कळायला सहा आठवडे बांधून पडावं लागलं.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी माझा पाय उचलला, वळवला, चालायला लावलं. "पुढे कधीतरी सांध्यात झीज होईल," ते म्हणाले. "तिला आर्थ्रायटिस म्हणतात. तेव्हा बघू. आता मांडी घालून बसू नका, धावू नका. दोन महिन्यांनी सायकल सुरू करा. खुब्यासाठी तिच्यासारखा व्यायाम नाही."

"कोणत्या रस्त्यावर चालवू, डॉक्टर?"

मी खवचटपणे विचारलं नव्हतं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. खिडकीतून खाली त्यांची पांढरी गाडी दिसत होती.

"ते मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "मी रोज शंकर नगरवरूनच येतो. मी हळू चालवीन, तेवढं माझ्या हातात आहे."

मी त्यांचे आभार मानले आणि काठी टेकत जिना उतरले.