नुसतं फिरायला

"बापा, तुमचं हे राहून गेलं," असं म्हणत काकू अनोळखी माणसाच्या हातात केळीची सालं ठेवत. सालं त्याचीच असत. थोड्या वेळापूर्वी त्यानं ती तलावाच्या काठावर भिरकावलेली असत आणि काकू ती उचलून झपाझप चालत त्याला गाठत. चेहरा असा, की एखाद्याची विसरलेली छत्री परत द्यायला आल्यात. माणूस गोंधळून आधी "थँक्यू" म्हणायचा, मग हातात काय आलंय ते बघायचा. तोवर काकू परत फिरलेल्या असायच्या.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. लोक त्याला विक्षिप्त म्हणून मोकळे होतात. काकूंनाही महाल भागातल्या आमच्या गल्लीनं तेच म्हटलं. मला मात्र त्या गल्लीचाच राग येतो, आणि इतकी वर्षं उलटून गेली तरी तो कमी होत नाही.

काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल लावून तास न् तास ताटकळत बसायचे ते दिवस. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, एकटीचा संसार. मी लग्न होऊन समोरच्या घरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात नळावर त्यांनी मला गाठलं.

"काय वं, इतवारी काय करत असतं तू?"

"काय करणार काकू? स्वयंपाक, कपडे."

"म्हणजे सोमवारी करतं तेच. मंग इतवार कायले पाहिजे?"

पुढच्या रविवारी मी त्यांच्यासोबत सीताबर्डीहून सुटणाऱ्या एस्टीत बसले होते. गल्लीतल्या आणखी काही बायका होत्या. शहर मागे पडलं, संत्र्याच्या बागा गेल्या आणि रस्त्याच्या कडेला एका फाट्यावर आम्ही उतरलो. थोडं चाललं की राखीव जंगलाचं फाटक, आत साग आणि मोहाची झाडं, मधोमध तलाव. त्या जागेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर कोणीतरी खुलासा पाठवेल, आणि असले खुलासे मी आयुष्यात पुष्कळ वाचलेत.

आत शिरल्यावर काकू बोलायच्या नाहीत. आम्हालाही बोलू द्यायच्या नाहीत. "हप्ताभर लोकाईच्या गोष्टी कानात भरून घेतो मी. कोणाचं मयत, कोणाची सोयरीक, कोणाचं भांडण. इथं कान धुवाले येतो. तुम्ही आणखीन भरू नका," असा त्यांचा दम असे. त्यांना एकाही पक्ष्याचं नाव माहीत नव्हतं, आणि त्याची लाजही नव्हती. एकदा पळसावर बसलेल्या एका सुरेख पाखराकडे बोट दाखवून मी विचारलं, "काकू, हा कोणता?"

"मले काय माहीत? त्यानं तुले तुहं नाव विचारलं काय? पाह्य ना चुपचाप."

आता यात कोणाला काही खुपावं असं काय होतं? पण खुपलं. आमच्याकडच्या बायका घराबाहेर पडत नसत असं नाही. लग्नाला जात, बारशाला जात, मयतीला जात, देवाला जात. कारण असलं की उंबरा ओलांडता येत असे. तलावाच्या काठाला देवीचं एक शेंदूर फासलेलं ठाणं होतं. त्यामुळे आम्ही सगळ्याच घरी सांगत असू, देवीच्या दर्शनाला चाललो. सासवा नारळ द्यायच्या आणि काही म्हणायच्या नाहीत.

काकूंना हे समजलं त्या दिवशी त्या सकाळीच आमच्या दारात उभ्या राहिल्या. सासूबाई चुलीपाशी होत्या.

"दर्शन-बिर्शन काही नाही जी," काकू म्हणाल्या. "हिले घेऊन मी फिराले चालली."

"कशासाठी?"

"फिराले."

"हो, पण कशासाठी?"

"नुसतं फिराले."

सासूबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. त्या काही वाईट नव्हत्या. पण या प्रकाराला हरकत कशी घ्यायची हेच त्यांना ठाऊक नव्हतं, कारण असला प्रकार त्यांच्या घरात घडलाच नव्हता. मी तेवढ्यात चपला घातल्या आणि निघाले. वाटेत काकू बाकीच्यांना म्हणाल्या, "देवीले काहून मधात घालता? पानठेल्यावर दोन-दोन घंटे उभे राहणारे तुमचे नवरे कोण्या देवाचं नाव सांगून जातात?"

काकूंचा एकच कडक नियम होता. आगपेटी न्यायची नाही. विदर्भातल्या माणसाला हे सांगणं म्हणजे त्याच्या तोंडातला घास काढणं. झाडाखाली गोवऱ्यांचा आर, म्हणजे निखारा, करायचा, त्यात कणकेचे रोडगे भाजायचे आणि वांग्याच्या भाजीसोबत, तुपात बुडवून खायचे. याशिवाय आमच्याकडे बाहेर जाण्याला मजा मानत नाहीत. पण काकू आम्हाला घरून तिखटमिठाच्या पुऱ्या आणायला लावत. "पाला पाह्य कसा पापडावानी झाला. एक ठिणगी पडली तं काय उरन?" असं त्या म्हणायच्या. फाटकाशी पोचलो की सगळ्यांना पिशव्या उघडून दाखवायला लावायच्या. फाटकावरचा चौकीदार हे बघून हसायचा.

फाल्गुनातला एक रविवार होता. सिंधूबाई म्हणून आमच्यात एक होत्या, खाण्यापिण्याच्या भारी शौकीन. त्यांच्या पिशवीत जुन्या लुगड्याखाली गोवऱ्या निघाल्या.

"हे काय वं, सिंधू?"

"बसाले आणल्या, काकू. खाली गोटे रुततात."

चौकीदारासकट सगळे हसलो. काकूही हसल्या असत्या, पण त्यांनी दाबलं. गोवऱ्या त्यांनी स्वतःच्या हातानं चौकीत ठेवल्या आणि चौकीदाराला म्हणाल्या, "जाताना घेऊन जातो गा, सांभाळून ठेव." सिंधूबाई दिवसभर आमच्यापासून लांब चालत राहिल्या, आणि त्यांचा रुसवा पुऱ्या निघाल्यावरच गेला.

परत निघालो तेव्हा फाट्याकडून एक सरकारी जीप आली आणि आमच्या अंगावर धूळ उडवत जंगलाकडे गेली. आत माणसं होती, मोठी पातेली होती. आम्ही एस्टीच्या घाईत होतो. फाटकातून निघताना चौकीदार जागेवर नव्हता, म्हणून गोवऱ्या तिथेच राहिल्या. सिंधूबाई हळहळल्या, आम्ही त्यांना चिडवलं आणि घरी आलो.

त्या संध्याकाळी तलावाच्या एका अंगाचं जंगल पेटलं. साग, मोह, बांबूचं बन, सगळं. दोन-तीन दिवसांत काकूंना वनखात्याच्या साहेबांचं बोलावणं आलं. जळलेल्या जागी गोवऱ्यांची राख आणि अर्धवट राहिलेल्या गोवऱ्या सापडल्या होत्या, आणि त्या रविवारी गोवऱ्या घेऊन आलेल्या आम्हीच होतो.

साहेबाकडे जाण्याआधी काकू मला घेऊन फाटकावर गेल्या. चौकीदार आम्हाला बघून उभा राहिला नाही. खाली मान घालूनच बोलला.

"काकू, तुमच्याच गोवऱ्या नेल्या त्याईनं. साहेबाचे पाव्हणे होते. रोडगे केले, अन् आर तसाच टाकून गेले. मी कोणाले नाही म्हणू?"

"साहेबापुढं सांगशीन काय?"

त्यानं मागे वळून बघितलं. चौकीमागच्या झोपडीसमोर त्याची बायको सुपात तांदूळ पाखडत होती. ती पाखडायची थांबून आमच्याकडे बघत राहिली होती. काकूही तिच्याकडे बघत होत्या.

"राहू दे, बापा," काकू म्हणाल्या. "मी तुहं नाव घेत नाही."

एस्टीत त्या पहिल्यांदाच खिडकीबाहेर बघत नव्हत्या. "माह्याच हातानं ठेवल्या मी," एवढंच दोनदा म्हणाल्या.

साहेब पुण्याकडचे होते, गोड बोलणारे. चहा मागवला. "बाई, गोवऱ्या तुमच्याच होत्या ना?"

"होत्या."

"मग झालं तर."

"पण आग आमची नव्हती."

"मग कोणाची?"

माझ्या जिभेवर आलं होतं. काकूंनी टेबलाखाली माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली. साहेबांना वाटलं बाई वरमल्या. ते पुढे झुकले.

"हे बघा, मला तुम्हाला त्रास द्यायचा नाही. असं लिहून द्या, की देवीच्या पूजेला आलो होतो, धूप घालताना ठिणगी उडाली. धार्मिक बाब आहे, मिटवून टाकू. आणि पुढेही महिन्यातून एकदा तुम्हाला दर्शनाला सोडायला माझी हरकत नाही."

"आम्ही देवीले नव्हतो गेलो."

"मग कशाला गेला होतात?"

"फिराले."

"बायका? जंगलात? नुसतं फिरायला?" साहेब हसले. त्यांच्यामागे उभा असलेला कारकूनही हसला. चहा घेऊन आलेला शिपाईसुद्धा हसला. ते हसणं आठवलं की आजही माझं डोकं सणकतं. एक अख्खं जंगल राख झालं होतं आणि त्या खोलीत हसण्यासारखी गोष्ट काय होती, तर बायका फिरायला गेल्या ही.

काकूंनी ते हसणं संपू दिलं. मग विचारलं, "अन् तुमचे पाव्हणे जीपमधी कोण्या देवीच्या दर्शनाले गेले होते, साहेब?"

"काय पाहिलंत तुम्ही? पुरावा आहे काही?"

पुरावा झोपडीसमोर तांदूळ पाखडत होता. काकू उठल्या. चहा तसाच राहिला.

आमचं फिरणं बंद झालं. फाटकावर पाटी लागली, की दर्शनार्थींखेरीज कोणालाही प्रवेश नाही. जीपला ही पाटी लागू नव्हती हे सांगायला नकोच. गल्लीतल्या पुरुषांना तर आनंदाचं भरतं आलं. "आम्ही सांगतच होतो," असं जो तो म्हणू लागला. काय सांगत होते? जंगल कोणी जाळलं ते सांगत होते का? माझ्या नवऱ्यानंही एकदा जेवताना हे वाक्य सुरू केलं, तेव्हा मी त्याच्यापुढे भाजीचं पातेलं आपटलं आणि त्यानं ते अर्ध्यावर सोडलं.

पण खरा घाव पुढे बसला. त्या उन्हाळ्यात आमच्यातल्याच काही बायकांनी भजनी मंडळ काढलं आणि साहेबांना पाहिजे होतं तसं लिहून दिलं. पूजा, धूप, ठिणगी. म्होरक्या सिंधूबाई. "त्यात काय जातं काकू, एका कागदानं? आत तं जाता येते," असं त्या समजवायला आल्या. काकूंनी त्यांना बसवून शिरा खाऊ घातला आणि सही केली नाही. सगळ्यांना तिथे नेणाऱ्या काकूच, त्यामुळे त्या एका कागदानं त्या गल्लीच्या लेखी जंगल जाळणारी बाई ठरल्या. एक्स्चेंजमध्येसुद्धा त्यांच्या मागे कुजबुज होऊ लागली. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून देणाऱ्या बाईला आपल्याबद्दलचं बोलणं ऐकू येत नसेल असं लोकांना वाटत होतं की काय, कोण जाणे.

तरी काकू जातच राहिल्या. अधूनमधून एखाद्या रविवारी एस्टीनं फाट्यावर उतरायचं, फाटकापर्यंत चालायचं आणि बाहेरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर बसायचं. मी सोबत असे. आम्ही तिथेच पुऱ्या खायचो. भजनी मंडळ टाळ आणि ताटं घेऊन आमच्यासमोरून आत जायचं. सिंधूबाई आमच्याकडे न बघता पुढे सरकायच्या. मला त्यांच्या पाठीत धपाटा घालावासा वाटायचा. एकदा भर उन्हात त्या तशाच चालल्या होत्या, तर काकूंनी हाक मारली, "सिंधू, पाण्याच्या अंगानं जाय वं. तिकडून सावली राह्यते." सिंधूबाई थबकल्या, डोक्यावरचा पदर ओढून घेतला आणि सावलीच्या बाजूनं गेल्या. "काहून सांगितलं तुम्ही तिला?" मी चिडून विचारलं. "ऊन काय तिनं पाडलं?" काकू म्हणाल्या आणि पुरीचा तुकडा मोडला.

जळलेल्या भागात पुढे गवत आलं, मग सागाचे फुटवे. पुलावरून तेवढंच दिसायचं. "आत मोह फुलला असन काय वं?" त्या मला विचारायच्या. मला कुठून ठाऊक असणार? "फुलला असेल, काकू," मी म्हणायचे.

नोकरीतून सुटल्यावर काकू फार जगल्या नाहीत. त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात आम्ही एकदा गेलो. चालताना त्यांना दम लागत होता, माझा हात धरून त्या पुलापर्यंत आल्या आणि कठड्यावर बसल्या. त्या दिवशी भजनी मंडळ नव्हतं, जीप नव्हती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चौकीदार लांबून बघत होता. तोही आता पिकला होता. तो उठला, कुलूप काढलं, फाटक पार मागेपर्यंत लोटलं आणि आमच्याकडे आला.

"चला काकू, तलावावर जाऊन या. आज कोणीच नाही. कोणाले समजणार नाही."

काकूंनी उघड्या फाटकाकडे बघितलं. मी अर्धी उठलेसुद्धा.

"कोणी पाहून राहिलं असन ना गा," काकू म्हणाल्या, "तेव्हा बोलाव."

चौकीदार फाटक लावायला गेला नाही, तिथेच आमच्याजवळ जमिनीवर बसला. आम्ही एस्टीची वेळ होईपर्यंत पुलावर बसून राहिलो.