बेसबॉलचं खळं

किस्से कारल्यासारखे असतात. एक तोडायला वाकलं की पानाआड आणखी चार लोंबताना दिसतात! मला अक्षर येत नाही, म्हणून मी बोलतेय आणि सूनबाई टाइप करतेय. आमची नात सई हिनं इथं परदेशात तिच्या युनिव्हर्सिटीत बेसबॉलचा क्लब काढला. त्या मैदानाचा इतिहास पहिल्या दिवसापासून मी डोळ्यांनी पाहिलाय!

*

सई मला ल्यूकनच्या आमच्या घरून दोन बस बदलून हौसेनं मैदान दाखवायला घेऊन गेली. कार पार्कच्या मागं गुडघाभर गवत, खाली चिखल आणि कुंपणावरून मान काढून बघणारी एक गाय.

"अगं, मैदान कुठंय?"

"आजी, यू आर स्टँडिंग ऑन इट!"

गाय पॅटची. पॅट म्हणजे मैदानाची निगा राखणारा. शेजारीच त्याचं शेत.

*

सईनं खेळ समजावला. बॉल मारायचा, तीन ठिकाणी पाय लावत पळायचं आणि निघालो तिथंच परत यायचं.

मी म्हटलं, "मग गेलातच कशाला?"

सईनं हे पॅटला इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, "मी ऑस्ट्रेलियाहून परत आलो तेव्हा माझी आई अगदी हेच म्हणाली!"

*

ती पाय लावायची ठिकाणं, म्हणजे बेस, क्लबाकडं नव्हतीच. मी बासमतीच्या रिकाम्या पिशव्या दिल्या, पोरांनी त्यात वाळू भरली. पहिल्याच मॅचला पाहुण्यांचा गडी आउट झाला आणि भांडायला लागला. अंपायर गंभीरपणे म्हणाला, "सॉरी, तुझा पाय तांदळावर नव्हता!"

*

बॉल टाकणारा उभा राहतो तो मातीचा उंचवटा मात्र दर पावसात बसायचा. आणि इथं पाऊस कधी नसतो? एकदा आमच्या बोलरनं असा जोरात बॉल टाकला, की बॉल गेला, बोलरही पुढं गेला, बूट तिथंच राहिला!

त्यावरून युनिव्हर्सिटीच्या ऑफिसचं पत्र आलं. एप्रिलमध्ये ऑफिसातल्या एक बाई तपासायला येतील. उंचवटा टिकला नाही तर मैदान बंद, तिथं कार पार्क वाढवणार. सईचं शेवटचं वर्ष. घरी येऊन पोरीनं कपबशीचं प्रेस, म्हणजे इथलं कपाट, उघडलं आणि त्याच्या दाराआड तोंड लपवून रडली.

*

मी दुसऱ्याच दिवशी जाऊन माती चिमटीत चोळली. "अगं, हे तर खळं आहे! मळणीला आम्ही दरवर्षी करायचो!"

पॅटनं चिकणमाती आणि भुसा आणला. पाणी मारलं. आता तुडवायला बैल हवेत. बैल नव्हते, म्हणून टीम जुंपली! अख्खी टीम गोल गोल फिरतेय. एकानं विचारलं, "इज धिस ट्रेनिंग?" सई म्हणाली, "येस. कीप वॉकिंग."

मग चोपायचं काम. पोरं बॅटी घेऊन आली. गोल! "इतकी वर्षं बॅट घेऊन फिरता, चपटी एकालाही सुचली नाही?" शेवटी पॅटच्या फावड्यानं चोपलं.

राहिला वरचा हात. मी गाईकडं बोट दाखवलं, मग बादलीकडं. पॅटला कळलं तसा तो हसत हसत ढकलगाडीतच बसला. पण आणलं हो, ताजं, बादलीभर! शेणकाला करून मी स्वतःच्या हातानं सारवलं. वाळवलं, पुन्हा सारवलं. असे तीन हात.

*

बाई आल्या त्या दिवशी सकाळपासून धो धो पाऊस! सईचे ओठ पांढरे पडलेले. बाईंनी उंचवट्यावर टाच आपटली. खड्डा नाही. लोखंडी सळई रोवली. शिरेना! बोलरनं दहा बॉल टाकले, दोन्ही बूट पायातच!

बाई खाली वाकल्या, तळव्यानं मातीवरून हात फिरवला. "लव्हली फिनिश! कुठलं प्रॉडक्ट वापरलंत?"

सई माझ्याकडं बघतेय, मी पॅटकडं, पॅट आभाळाकडं.

"लोकल," पॅट म्हणाला.

"ग्रँड!" बाईंनी कागदावर सही ठोकली आणि त्याच हातानं माझ्या डब्यातला बेसनाचा लाडू उचलला. कुंपणावर गाय हंबरली. पॅटनं टोपी डोळ्यांवर ओढली.

बाईंनी बोटं चाटली आणि दुसरा मागितला!