रिकाम्या गाडीत न येणारा आवाज

पुढचं डावं चाक आत दुमडलं आणि गाडी रस्त्यावर आडवी झाली. मागून खडीचा डंपर येत होता. तो मुलीच्या बाजूच्या दारावर आदळला. काचा माझ्या पदरात पडल्या. मी मागे बसले होते, हे पुढे, मुलीच्या शेजारी.

"अहो," मी म्हटलं.

"आहे मी. तिला बघ."

मुलगी स्टिअरिंगवर डोकं टेकून होती. मी तिच्या खांद्याला हात लावला.

आम्ही डायलिसिसला निघालो होतो. यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त धुऊन घ्यावं लागे. एक खेप चुकली की पाय सुजायचे, रात्री आडवं होता यायचं नाही. दवाखाना कर्वेनगरात, कारण आधी आम्ही तिथेच भाड्याने राहायचो. मुलगी कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली आणि तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाघोलीत फ्लॅट घेतला. तिथे परवडला. यांना बसमध्ये चढवणं होईना, म्हणून तिने एक छोटी जुनी गाडी घेतली. शेजारीण म्हणाली, "लग्नाऐवजी गाडी केली वाटतं." मी म्हटलं, "गाडी निदान सांगितलेल्या वेळेला दारात उभी असते."

आवाज दिवाळीनंतर सुरू झाला. स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून डावीकडे टक व्हायचं. खड्ड्यात टक-टक. मला तो कानाआधी तळपायाला कळायचा. हे कारखान्यात मशीनवर आयुष्य काढलेले, तेही मान वाकडी करून ऐकायचे.

"गाडी नाही गं, मीच वाजतोय," हे म्हणायचे. "माझेच नटबोल्ट ढिले झालेत."

"बाबा, तुम्ही गप्प बसा. मला ऐकू देत."

आधी आम्ही डिकी रिकामी केली. जॅक निघाला, छत्री निघाली, दसऱ्याच्या पूजेचा नारळ निघाला. तो इकडून तिकडे घरंगळत होता. सापडला चोर, असं म्हणून आम्ही तो फोडून खाल्ला. दुसऱ्या दिवशी पहिल्याच स्पीडब्रेकरला टक.

मग कर्वेनगरातल्या जुन्या मिस्त्रीकडे गेलो. यांची स्कूटर तोच बघायचा. डायलिसिस आटोपून परत येताना जायचो, वाटेवरच होतं. यंत्रावरून उतरल्यावर यांचा चेहरा मातीसारखा व्हायचा. मिस्त्री बघताक्षणी म्हणायचा, "काकांना आधी उतरवा. त्यांना कशाला हेलकावे?" तो स्वतः हात देऊन यांना उतरवायचा, सावलीत खुर्ची टाकायचा, चहा सांगायचा. मग एकटाच गाडी फिरवून आणायचा.

"आवाज नाही मॅडम."

"अहो, येताना होता."

"तुम्हाला आयटीवाल्यांना एसीची सवय. गाडी म्हटली की थोडी वाजणारच. मुकी पाहिजे तर सायकल घ्या."

पण माणूस टाळाटाळ करणारा नव्हता. बॉनेटवर दोन्ही हात टेकून त्याने गाडी खालीवर दाबून पाहिली. लिंक रॉड बदलला. पुढच्या वेळी शॉकॲब्सॉर्बरच्या वरचं रबर बदललं. दर वेळी यांना उतरवलं, खुर्ची दिली, चहा दिला आणि रिकामी गाडी फिरवली. दर वेळी गाडी गप्प. आम्ही बसून निघालो की गल्लीच्या तोंडाशी टक.

मुलीच्या ते एका शनिवारी लक्षात आलं. ती मिस्त्रीला म्हणाली, "बाबा पुढे बसलेले असतात तेव्हाच येतो हो आवाज. तुम्ही दर वेळी त्यांनाच उतरवता."

मिस्त्री डाव्या चाकाशी वाकला. "मग काकांना बसवूनच फिरवायला पाहिजे," तो म्हणाला.

यांना त्या दिवशी दोनदा उलटी झाली होती. खुर्चीत मान टाकून बसले होते.

"आज नको," मुलगी म्हणाली. "सोमवारी आधी इकडेच आणते, मग दवाखाना. तेव्हा जरा ताजे असतात."

"चालेल. तोवर हळू चालवा."

सोमवारी ती हळूच चालवत होती. वाघोली सोडून फार पुढे आलो नव्हतो. एका खड्ड्यात टक झालं. हे म्हणाले, "आज मोठ्याने वाजली." त्यानंतर चाक दुमडलं.

गाडी पोलीस चौकीच्या आवारात नेऊन टाकली होती. मिस्त्री ती बघायला गेला आणि नंतर घरी येऊन मला सांगून गेला. चाकाला जिथे खालून आधार असतो तिथला बॉल जॉइंट झिजून निसटला होता. पुढच्या डाव्या सीटवर वजन आलं की तो हलायचा, रिकाम्या गाडीत नाही.

"काकू, मी त्यांना उतरवायला नको होतं," तो म्हणाला.

मी त्याला पाणी दिलं. तसा आजारी माणूस दारात आला तर मीही आधी खुर्चीच दिली असती.

त्याच आठवड्यात यांना रिक्षाने डायलिसिसला नेलं. ते यायला तयार नव्हते. म्हणाले, आता कशाला. मी म्हटलं, उठा. ते उठले.

डॉक्टरांनी यांचं फार दिवस धरू नका म्हणून सांगितलं होतं. हे त्यानंतर चार वर्षं जगले. मी अजून आहे. मुलगी त्या दिवशी जागीच गेली.