आक्का पुढच्या सीटवर बसायची

आक्का गेली.

दुपारी सगळं आटोपून तिच्या घरी आलो. अंगणात दाजींनी गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "घेऊन जा. मला आता नको."

ती किल्ली समोर ठेवून बसलोय. अंगात त्राण नाही, पण हे लिहिल्याशिवाय पाठ टेकणार नाही.

आक्का माझी थोरली बहीण. दाजी तिचे मालक. राहणार बिडकीन. पोरगी लग्न होऊन पुण्याला.

मी शहरात, औरंगपुऱ्यात वायरिंगची कामं करतो. शाळा अर्ध्यात सुटली, बाकीचं शॉक खात खात शिकलो. त्यामुळं पै-पाहुण्यांत कुणाचाही दिवा गेला की फोन मलाच.

आक्काच्या किडन्या गेल्या तेव्हापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस. दाजी जुन्या पांढऱ्या गाडीतून तिला शहरात आणायचे. परत निघेपर्यंत दिवस मावळायचा.

मागच्या दसऱ्याच्या आधी दाजींचा फोन आला.

"पावणं, गाडीचे दिवे लई मंद झालेत. अंधारात काय दिसत नाय."

हात्तिच्या, म्हटलं, एवढंच ना. हेडलाईटला एलईडी बसवून दिले. भिंतीवर असा पांढराफेक उजेड पडला की शेजारची म्हैस उठून उभी राहिली.

पुढच्या आठवड्यात परत फोन. "आजून मंदच हायेत रे."

मग पार्किंगचे बदलले. इंडिकेटरचे बदलले. एलईडीला करंट कमी लागतो, त्यामुळं उघडझाप करणाऱ्या जुन्या रिलेवर इंडिकेटर भलतेच जोरात फडफडायला लागले.

आक्का ओट्यावरून बघत होती. "बाळू, ही गाडी डोळं मारायला लागली रं. या वयात."

रिले बदलला तेव्हा गाडी वळणावर आली.

मग आतला, छताचा दिवा. तो पेटेना. एलईडी उलटा बसला की पेटत नाही. काढून फिरवून लावला आणि आत लख्ख झालं. तरी दाजींचं समाधान नाही. डिकीतला बदल म्हणाले, नंबर प्लेटचा बदल म्हणाले.

"दाजी, नंबर प्लेटच्या दिव्यानं तुम्हाला रस्ता दिसणार हाय का?"

"तू लाव. उजेड कुठूनबी आला तरी उजेडच."

आक्का तोंडाला पदर लावून हसली. "नाचता येईना, अंगण वाकडं."

दाजींनी तिच्याकडं असं बघितलं की ती गप झाली. मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घातली. नारळ फोडला. आक्कानं दोन्ही हेडलाईटला हळद-कुंकू लावलं. गाडीच्या टपाला नाही, चाकाला नाही. आधी दिव्यांना. वर हात जोडून बराच वेळ उभी राहिली.

त्यानंतर एकदा मी त्यांच्यासोबत बिडकीनला निघालो. डायलिसिस झाल्यावर आक्का पिळून वाळत घातलेल्या लुगड्यासारखी व्हायची. मी म्हटलं, मागं आडवी हो. ऐकली नाही. पुढंच बसली.

आणि पैठण रोडला लागल्यापासून जी सुरू झाली.

"डाव्या अंगानं सायकलवाला हाय."

"व्हय."

"म्होरं ट्रक उभा हाय. त्याला लाईट नाय. उजवीकडून घ्या."

"व्हय."

"खड्डा. आता सरळ."

मला वाटलं, बाईमाणूस, तोंडाला दम नाही. म्हटलं, "आक्का, निवांत पड की. दाजींना गाडी चालवू दे."

थोड्या वेळानं तिची मान कलली. दमलेली होती, डोळा लागला.

गाडी हळू झाली. आणखी हळू झाली. मग दाजींनी कडेला घेतली आणि बंद केली.

मी विचारलं, "काय झालं?"

"ती झोपली."

एवढंच म्हणाले.

समोरून गाड्या येत होत्या. दाजी स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मोतीबिंदू हाय, बाळू. दोन्हीकडं. समोरून लाईट आला की सगळं पांढरं व्हतं. ऑपरेशन केलं तर काही दिवस गाडी बंद. मग हिला कोण नेणार? डायलिसिस चुकवून चालत नाय."

"मी मेलोय का?"

"तू हातावर पोट असणारा माणूस."

तेवढ्यात आक्का जागी झाली. गाडी थांबलेली बघितली, माझं तोंड बघितलं. डोक्यावर पदर घेत म्हणाली, "कळलं का तुला? बरं झालं. आता ह्यांना तूच सांग. माझं ऐकत नाय."

त्या संध्याकाळी पुढं गाडी मी चालवली. आणि त्यानंतर दाजींच्या डोळ्यांची दोन्ही ऑपरेशनं होईपर्यंत मीच. दाजी हिरवी पट्टी लावून मागं बसायचे. आक्का पुढं.

"बाळू, बैलगाडी."

"आक्का, मला दिसतंय."

"दिसतंय रं. पण तोंडाला वळण पडलंय."

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दाजींनी परत गाडी हातात घेतली. आता त्यांना लांबच्या ट्रकचा नंबरसुद्धा वाचता येत होता. तरी ती सांगायची. आणि ते प्रत्येक वेळी म्हणायचे, "व्हय."

शेवटी शेवटी तिचा आवाज इतका बारीक झाला होता की दाजी काच वर करून घ्यायचे. एसी नाही, उकाडा असो. काच वर.

आज किल्ली देताना मी म्हटलं, "दाजी, आता तर तुम्हाला चांगलं दिसतंय."

"दिसतंय की," म्हणाले. "पण व्हय कुणाला म्हणू?"

किल्ली खिशात टाकली, गाडी काढली. पुढची सीट मोकळी. बिडकीनपासून घरापर्यंत सगळा रस्ता मुका.

आक्का, लई बोललीस. लई रस्ता दाखवलास.

आता निवांत पड. गाडी मी नेतो.

तुझा, बाळू